बिघडलेल्या जॉबवरचा नंबर

भाऊजी,

चालत्या मशीनकडे पाठ करून उभं राहायचं नाही, हे वाक्य तुम्ही वर्कशॉपच्या भिंतीवर स्वतःच्या हातानं लाल रंगात लिहिलं होतं. जो विसरायचा त्याच्या पाठीत तुमचा धपाटा बसायचा, आणि तो इतका जोरात असायचा की पुन्हा विसरायची सोय राहायची नाही. बारा दिवसांपूर्वी तुम्ही चालत्या मिलकडे पाठ करून उभे होतात.

तुमच्या फिटरच्या वर्गातली खिलेश्वरी, अभनपूरकडची, तेव्हा तुमच्यापासून दहा पावलांवर होती. "सर ह मसीन कोती पीठ करके खड़े रिहिन," एवढं म्हणून ती दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि स्वतःच्या गुडघ्यावर मुठी मारत राहिली. रोलिंग मिलमध्ये तापून लाल झालेली सळई दोन रोलांमधून सुटते. समोरचा माणूस चिमट्यानं तिचं तोंड धरतो आणि पुढच्या रोलात घालतो. एखाद्या वेळी तोंड चुकतं. मग ती सळई उसळते आणि कुठं जाईल हे कोणीच सांगू शकत नाही. त्या दिवशी ती तुमच्या पाठीत, कमरेच्या जरा वर शिरली आणि पोटातून बाहेर आली. तुम्ही ओरडला नाहीत म्हणे. शर्ट पेटला होता. मुलांनी हातांनी विझवला. चौघांच्या तळव्यांना अजून पट्ट्या आहेत.

तुम्ही पाठ का केली होती, ते लोक विचारतात. तुम्ही सुपरवायझरशी भांडत होतात आणि तुमच्या हातात एक कागद होता. त्या कागदावरचा मजकूर माझा होता. हे मला तुम्हालाच सांगायचं आहे, म्हणून लिहायला बसलो आहे.

तुम्ही ताईला पाहायला आमच्या समता कॉलोनीच्या घरी आलात, तो दिवस आठवतो. सगळे पोहे खात होते आणि तुमचं लक्ष दाराच्या कडीकडं होतं. ती सैल होती. तुम्ही पेचकस मागितला. ताईनं आणून दिला, तर म्हणालात, "हा नाही, याच्याहून बारीक." ताई म्हणाली, "घरात हाच आहे. याच्यानं होत असंल तर करा, नाही तर राहू द्या तसंच." तुम्ही आईकडं वळून म्हणालात, "पोट्टी पसंत आहे." बाबांनी कपाळाला हात लावला. रेल्वेच्या कचेरीत जन्म काढलेल्या माणसाला असा जावई झेपणारा नव्हता.

मग बाबांनी तुमच्या डाव्या हाताबद्दल विचारलं. दोन बोटं नव्हती. शाळा सोडल्यावर एका प्रेसवर कामाला लागलात, सतरा वर्षांचे होतात, कोणी काही शिकवलं नव्हतं, तिसऱ्याच दिवशी गेली. तुम्ही हे पोह्यांचा घास घेत सांगितलंत. "चूक माझी नव्हती," म्हणालात, "पण मीच हात घातला असं लिहून घेतलं. उजव्या हातानं सही करता येत होती ना मले." ताई तेव्हा तुमच्याकडं ज्या नजरेनं पाहत होती, ती पाहून मला कळलं की लग्न ठरलं.

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि तुम्हाला घाबरायचो. तुम्ही माणसांना मारत होतात, भाऊजी, हे लपवून काय उपयोग. सैल बाही घालून लेथवर आलेल्या मुलाची बाही तुम्ही खांद्यापासून फाडून काढलीत, तेव्हा ताईच्या हातचा डबा घेऊन मी दारात उभा होतो. फाडलेली बाही तुम्ही चालत्या लेथजवळ धरली. मशीननं ती ओढून घेतली, पिळली, चिंध्या केल्या. "आता यात तुहा हात असता," तुम्ही त्या मुलाला म्हणालात, आणि मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवून त्याला माझ्या डब्यातली पोळी दिलीत.

त्याच दिवशी मी तुमचा तो नियम पाहिला. मुलं कानशीनं लोखंडाचा तुकडा, तुमच्या भाषेत जॉब, घासून सपाट करत होती. झाला की त्याच्यावर आपला हजेरी नंबर ठोकायचा, ठशानं आणि हातोडीनं, म्हणजे कोणाचं काम ते कळतं. एका मुलाचा जॉब बिघडला. त्यानं तो गुपचूप भंगारात टाकला. तुम्ही त्याची कॉलर धरून त्याला भंगाराच्या पेटीपर्यंत नेलंत आणि तुकडा शोधायला लावलंत. त्याची बोटं कापली, रक्त आलं, तरी सोडलं नाहीत. सापडल्यावर त्याच्यापुढं ठसा ठेवलात. "ठोक नंबर. चांगल्या जॉबवर सगळेच ठोकतात. बिघडला का आधी नंबर ठोकाचा, मग फेकाचा." मी घरी येऊन ताईला म्हणालो की तुझा नवरा क्रूर आहे. ती म्हणाली, "हो. जेवतोस का?"

आणि तुम्हीच माझ्या पुस्तकांसाठी लोखंडी रॅक केलात. तुम्ही वर्तमानपत्रापलीकडे काही वाचत नव्हता. माझी पुस्तकं खोलीत जमिनीवर रचलेली पाहिलीत, आणि पुढच्या महिन्यात सायकलरिक्षावर रॅक बांधून घेऊन आलात. खालून दुसरी फळी जराशी तिरकी आहे. मला ते कधीच दिसलं नसतं. फक्त त्याच फळीच्या कडेवर तुम्ही तुमचा शिकतानाचा जुना हजेरी नंबर ठोकला आहे, चौदा. बाकीच्या फळ्यांवर काहीच नाही.

मला नोकरी लागली ती विधेयकांचे मसुदे करणाऱ्या शाखेत. राज्य नवं होतं, आमचं कार्यालय जुन्या दवाखान्याच्या इमारतीत होतं, माझ्या टेबलामागच्या भिंतीवर खाटेचा नंबर अजून दिसायचा. तुम्ही एकदा आलात आणि हसलात. "काहून साळेबुवा, भरती झाले का? काय बिमारी?" मी म्हणालो, मसुदा. शाळा सुटलेल्या मुलामुलींसाठी तंत्रशिक्षणाचा कायदा होतो आहे. जो मागेल त्याला हाताचं काम शिकायला मिळेल, अर्धा काळ संस्थेत आणि अर्धा कारखान्यात. तुम्ही हसायचे थांबलात. त्या संध्याकाळी घरी आलात आणि म्हणालात, "ते कारखान्यातलं काय लिहिलं, वाचून दाखव."

मी वाचलं. तुम्ही आमच्या ओट्यावर बसून जॉबशीटच्या पाठीवर चार ओळी लिहिल्यात. तुमचं अक्षर हातोडीनं ठोकल्यासारखं. शिकणाऱ्याला चालत्या किंवा तापल्या कामावर लगेच उभं करायचं नाही. शिक्षक सोबत असेल. मशीनला संरक्षक जाळी असेल. आणि चौथी ओळ अशी: धोका दिसला तर शिक्षकाला मशीन थांबवण्याचा अधिकार राहील, मालकाला विचारायची गरज नाही.

"बाकीच्या तीन काढल्या तरी चालंल," तुम्ही म्हणालात. "चौथी काढशील तर तुहा हात तोडीन."

मी ती पहिल्या मसुद्यात घातली. तो मसुदा टाइप झाला, वर गेला, परत आला. वरून कोणी काढायला सांगितलं नव्हतं. एवढंच विचारलं होतं की हे कलम फार लांब होतं आहे, काय करता येईल. आमच्या कामात याचं एक ठरलेलं उत्तर असतं. कायद्यात तत्त्व ठेवायचं, तपशील नियमांत टाकायचा. "जैसा नियमों में विहित किया जाए," म्हणजे पुढं नियमांत ठरेल तसं. नियम नंतर करता येतात, बदलता येतात, कोणाशी वाद होत नाही. पहिल्या वर्षापासून हे आम्ही शिकतो आणि त्याला चांगला मसुदा म्हणतात. मी तुमच्या चार ओळी उचलून नियमांकडं पाठवल्या, त्यांच्या जागी ते एक वाक्य ठेवलं आणि बाजूला माझ्या अक्षरात शेरा लिहिला. मला त्या वाक्याचा अभिमानही वाटला होता. ते सुटसुटीत होतं.

पोळ्याच्या दिवशी तुम्ही विचारलंत आणि मी सांगितलं. ताट वाढलेलं होतं. मी म्हणालो, "भाऊजी, तो तपशील आहे. तो नियमांत येईल."

"हात तपशील आहे?"

"तसं नाही. कायद्याची एक रीत असते."

"मले सांग ना, हात तपशील आहे का?" आणि तुम्ही ताट फेकलंत. पुरणपोळी भिंतीला चिकटली, कढी माझ्या शर्टावर आली. तुम्ही माझी गचांडी धरून मला भिंतीला लावलंत, आणि त्या तीन बोटांच्या हाताची पकड माझ्या गळ्यावर अशी बसली की मला श्वास घेता येईना. ताईनं तुमच्या पाठीत लाटणं मारलं तेव्हा सोडलंत. मी म्हणालो, "नियम होतील. मी स्वतः करीन." तुम्ही धापा टाकत म्हणालात, "कर. पण तू 'पाहतो' म्हणून सांगणारा माणूस आहेस. हव म्हणून सांग." मी हव म्हणालो नाही. मी म्हणालो, "प्रयत्न करतो."

तो वाद तिथंच राहिला. कायदा झाल्यावर तुम्ही मात्र विसरलात, किंवा मला क्षमा केलीत. राजपत्राचं ते पान माझ्याकडून मागून घेतलंत, शंकर नगरला जाऊन त्याला प्लॅस्टिकचं आवरण घालून आणलंत आणि स्कूटरच्या डिकीत ठेवलंत. मुलांना दाखवायचात, "माह्या साळ्यानं लिहिला." तुम्हाला खरंच वाटत होतं की माणूस लोखंडाला जसा भिडतो तसा कागद कारखान्याला भिडेल.

नियमांचा मसुदा मी केला होता, भाऊजी. अर्धा. मग कार्यालय नव्या राजधानीत हललं. फायली लाल कापडाच्या बस्त्यांत बांधल्या, ट्रकांत भरल्या. नव्या इमारतीत काचा होत्या, रुंद रस्ते होते, आजूबाजूला माणूस नव्हता. माझ्याकडं दुसरी विधेयकं आली. तो बस्ता माझ्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात होता. मी रोज ते कपाट उघडत होतो, वरच्या कप्प्यातलं काढत होतो, बंद करत होतो. त्या बस्त्याची गाठ मीच मारली होती आणि मीच सोडली नाही. यात कोणी मोठा माणूस आडवा आला नाही, याचीच मला जास्त चीड येते. कोणी आडवं आलं असतं तर मी त्याचं नाव लिहिलं असतं.

त्या सकाळी तुमचा फोन आला तेव्हा मी चहा पीत होतो.

"साळेबुवा, माह्या पोट्ट्यांना तिकडं आज मिलवर उभं करून राहिले. तिसरा दिवस आहे फक्त. मी जाऊन राहिलो. कलम आहे ना आपलं?"

मी म्हणालो, "आहे."

"मशीन थांबवाचं?"

मी म्हणालो, "कलम आहे, भाऊजी."

तुम्ही फोन ठेवलात. माझा चहा गरम होता. मी तो संपवला.

तिथं काय झालं ते खिलेश्वरीनं चौथ्या दिवशी नीट सांगितलं, तुमच्या वर्कशॉपमध्ये, त्या लाल अक्षरांखाली उभं राहून. तुम्ही आत जाऊन म्हणालात, "मिल बंद करो. ये बच्चे यहाँ खड़े नहीं रहेंगे." सुपरवायझर म्हणाला, "किस अधिकार से?" तुम्ही डिकीतून आणलेलं ते पान त्याच्या छातीवर मारलंत. त्यानं वाचलं. तो सावकाश वाचणारा माणूस निघाला. मग हसून म्हणाला, "इसमें तो लिखा है, नियमों में बताया जाएगा। नियम लाए हो?"

तुम्ही पान परत घेतलंत. तुमचा चष्मा स्कूटरवर राहिला होता. अक्षर बारीक, आत अंधार, उजेड होता तो फक्त मिलमधल्या लाल लोखंडाचा. तो उजेड कागदावर पडावा म्हणून तुम्ही वळलात. मिल तुमच्या पाठीमागं आली. ते वाक्य तुम्ही डोळ्यांजवळ धरून वाचत होतात, माझं सुटसुटीत वाक्य, आणि मागं सळईचं तोंड चुकलं.

पान जळलं नाही. प्लॅस्टिक वितळून अक्षरांना चिकटलं आहे. ते माझ्याकडं आहे.

तुम्हाला मारवाडी स्मशानात नेलं त्या दुपारी तुमच्या वर्गातली मुलं परत आली ती थेट कारखान्याच्या फाटकावर गेली. जुनी, नवी, बरीच होती. मीही गेलो. फाटकाच्या लोखंडावर हातोड्या पडत होत्या, ट्यूबलाइटी फुटत होत्या, कोणीतरी सुपरवायझरची मोटरसायकल आडवी पाडून तिच्यावर दगड घालत होतं. पोलीस आले, काठ्या चालल्या, खिलेश्वरीच्या भावाचं डोकं फुटलं. मी आयुष्यात कोणावर हात उगारला नव्हता. मी एक दगड उचलला आणि सगळ्या ताकदीनं फेकला. तो फाटकावरच्या चौकीदाराच्या कपाळाला लागला. म्हातारा माणूस होता. खाली बसला, हातातलं रक्त पाहिलं आणि माझ्याकडं पाहून म्हणाला, "भैया, मैं तो नौकरी कर रहा हूँ."

मी पळालो. दोन गल्ल्या ओलांडून एका दुकानाच्या मागं ओकलो. मला त्या दगडाचं वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त हे कळत होतं की त्याचं वाक्य माझंही आहे. दुसऱ्या दिवशी त्याच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, जाऊन त्याला शोधलं. त्याच्या बायकोनं मला पाणी दिलं. त्याला पाच टाके पडले होते. मी सांगितलं की दगड माझा होता. तो म्हणाला, "मालूम है। आप चश्मा वाले थे।"

चौकशी सुरू झाली तेव्हा तुमच्याबद्दल काय लिहिलं जातंय ते आम्हाला कळलं. परवानगीशिवाय आत शिरले. चालत्या यंत्राकडे पाठ करून उभे राहिले. मृत्यू स्वतःच्या असावधानीनं. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या, म्हणून त्या खोडता येत नव्हत्या. ताईनं तो कागद दोनदा वाचला. सतरा वर्षांच्या वयात तुमच्या उजव्या हातानं सही घेतली होती, आता तीही लागणार नव्हती.

परवा सकाळी मी तिला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. चार ओळी, माझा शेरा, बस्ता, फोन. मी चहा संपवला हेही सांगितलं. तिनं निवडलेली मेथी बाजूला सारली. मग शेजारचा पाण्यानं भरलेला स्टीलचा तांब्या उचलून मला मारला. भुवईवर लागला. रक्त डोळ्यात आलं, मला एका डोळ्यानं दिसेना. ती उभी राहिली, आणि मला वाटलं ती अजून मारेल, आणि मारावं असंही वाटलं.

ती म्हणाली, "कागद कुठं आहे?"

"कोणता?"

"चार ओळी होत्या तो. पहिला."

"कपाटात. बस्त्यात."

"मंग इथं काहून बसून राहिला तू?" तिनं पदर फाडून माझ्या डोक्याला बांधला. गाठ इतकी घट्ट मारली की अजून दुखते आहे.

कपाटापुढं मी बराच वेळ बसलो. गाठ सुटेना. इतक्या वर्षांत कापड आणि दोरी एक झाले होते. कात्रीनं कापली. आत तुमची जॉबशीट होती, मागच्या बाजूला चार ओळी, तेलाचा अंगठा. तिच्याखाली पहिला मसुदा आणि समासात माझं अक्षर, सही, माझं नाव.

काल ताई आणि मी चौकशी अधिकाऱ्यापुढं गेलो. ताई बाहेर बाकावर बसली. अधिकारी सभ्य होता. माझ्या डोक्याची पट्टी पाहून त्यानं आधी पाणी मागवलं. मी कागद पुढं ठेवले. तुमची चौथी ओळ त्यानं दोनदा वाचली, मग मसुदा, मग राजपत्राचं वितळलेलं पान. तो शहाणा होता, त्याला लगेच समजलं.

"तो इनको लगा कि अधिकार है," तो म्हणाला.

"मी सांगितलं होतं की आहे. त्या सकाळी. मला माहीत होतं की नियम झाले नाहीत." मी मराठीत बोलतो आहे हे मला नंतर कळलं. मग हिंदीत पुन्हा सांगितलं.

त्यानं दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आप नौकरी में हैं। यह सब आपके ऊपर आएगा। चाहें तो इतना लिख देते हैं कि शाखा में देरी हुई। शाखा में तो कई लोग होते हैं।"

चांगलं वाक्य होतं. सुटसुटीत. त्याच्या जागी मी असतो तर तसंच लिहिलं असतं.

"यह वाक्य आप ही ने हटाया था?" त्यानं चौथ्या ओळीवर बोट ठेवून विचारलं.

"हव," मी म्हणालो. "मीच काढलं. नियमही मीच केले नाहीत."

जबाब टाइप होऊन आला. खाली सहीला जागा होती. मी आधी पूर्ण नाव लिहिलं, मग पद, मग सही, आणि पेन इतकं दाबून की मागच्या कागदावर उठलं. बाहेर आलो तर ताईनं पट्टीची गाठ तपासली.

उद्या तुमची तेरवी आहे. मुलं येतील, खिलेश्वरी तिच्या गावाहून तांदूळ आणणार आहे. तुमच्या पाटाशेजारी ताईनं तुमची हातोडी आणि ठशांची पेटी मांडली आहे. त्यांच्याखाली मी जबाबाची प्रत ठेवली आहे.

बिघडलेला जॉब आहे, भाऊजी. नंबर ठोकला आहे.